दोनशेला जा, पण आहे त्याच सायकलवर

ताई,
मी ४४ वर्षांचा. राहायला ठाण्यात कासारवडवलीला, नोकरी वागळे इस्टेटमध्ये. टाळेबंदीत हौस म्हणून हायब्रिड सायकल घेतली, ती काही सुटली नाही. आता आमच्या कॉम्प्लेक्सच्या ग्रूपबरोबर दर रविवारी साठ-सत्तर किलोमीटर होतात. पहाटे नुसत्या कॉफीवर निघतो, घोडबंदर रोडने फाउंटन हॉटेलच्या पुढे कुठेतरी मिसळ खातो आणि परत येतो. डिसेंबरमध्ये ग्रूप २०० किलोमीटरच्या बीआरएमला, म्हणजे ठरलेल्या वेळात पुरी करायच्या लांब सायकल राइडला, जाणार आहे. ग्रूपमधले जाणते म्हणतात, हायब्रिडवर दोनशे होत नाहीत, बारीक टायरची, वाकलेल्या हँडलची रोड बाइक घे. मनात भरलेली सायकल १ लाख ४० हजारांची आहे. दिवाळीचा बोनस येईल, त्यामुळे पैशांचा प्रश्न नाही. प्रश्न घरात आहे. बायको म्हणते, ‘नवी सायकल आली की माझा रविवार भंगारात गेला म्हणून समज.’ अहो, अकराला तर मी घरी असतो, त्यानंतर तीनपर्यंत झोपतो एवढंच. शिवाय डावा गुडघा पुढच्या बाजूने दुखतो. जाणते म्हणतात, फ्रेमच तुझ्या मापाची नाही. पण सीटची उंची बरोबर आहे, बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला नीट टेकतात. गिअरही मी जडच ठेवतो, व्यायाम चांगला होतो. सायकल घेऊ का?
— रविवारवाला
ता. क. पहाटे कुत्री मागे लागतात. उपाय सांगा.

अहो रविवारवाले,

सायकल घेऊ नका. निदान डिसेंबरपर्यंत तरी नको. दोनशेला मात्र जरूर जा, आणि आहे त्याच सायकलवर जा.

बीआरएम ही शर्यत नाही. तुमच्या जाणत्यांना हे ठाऊक असणार, बोलण्याच्या भरात विसरत असतील. दोनशे किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात. भागाकार करून बघा, ताशी पंधरासुद्धा पडत नाहीत. चहा, पंक्चर, कंट्रोलवरचा (वाटेतल्या नोंदणीच्या ठिकाणचा) शिक्का, झाडामागे जाऊन येणं हे सगळं त्याच वेळात बसवायचं, हे खरं. पण चाकं फिरत असताना वीसची सरासरी ठेवलीत तर दहा तासांत रस्ता संपतो आणि साडेतीन तास हातात राहतात. अठराने गेलात तरी दोन तासांहून जास्त वेळ शिल्लक राहतो. पहिला कोण, शेवटचा कोण, असे नंबर तिथे काढत नाहीत. नऊ तासांत आलेला आणि तेरा तास वीस मिनिटांनी धापा टाकत आलेला, दोघांची नोंद सारखीच होते.

नियमांत सायकलच्या किमतीचा किंवा हँडलच्या आकाराचा उल्लेख नाही. माणसाच्या ताकदीवर चालली म्हणजे झालं. तुम्हाला लागेल ते वेगळंच. पुढचा-मागचा दिवा, हेल्मेट, अंधारात चमकणारं जॅकेट, आणि आपलं पंक्चर आपण काढता येणं. कारण कंट्रोल सोडून वाटेत बाहेरची मदत घेता येत नाही. हा सगळा प्रकार ज्यांच्या नियमांनी चालतो तो ऑडॅक्स क्लब पारिसियाँ १९०४ सालचा. त्यांची पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस दर चार वर्षांनी होते. १,२०० किलोमीटर, जास्तीत जास्त ९० तास. तिथे दोघांनी मिळून चालवायच्या सायकली असतात, पाठीवर रेलून चालवायच्याही असतात. तिथे तुमच्या हायब्रिडकडे बघून कोणी नाक मुरडलं नसतं. मग घोडबंदर रोडवर कोणाला एवढी काळजी लागली आहे?

रोड बाइक वाईट असं माझं म्हणणं नाही. सपाट रस्त्यावर पंचविसाच्या पुढे गेलात की तुमची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते, आणि वाकलेल्या हँडलवर अंग खाली जातं म्हणून तिथे फायदा होतो. पण तो फायदा तुम्ही वाकून तासन्‌तास राहू शकलात तर. पोट आड येत असेल आणि मान आखडत असेल तर तासाभराने तुम्ही पुन्हा वरच्याच बाजूला धरून ताठ बसाल, सायकल कितीचीही असो. राहिलं वजन. तुमची हायब्रिड तेरा किलोची धरू, ती नवी नऊची. तुमच्यासकट मोजलं तर फरक चार-पाच टक्क्यांचा. येऊरच्या डोंगरातल्या चढाला तो जाणवेल, नाही असं नाही. पण तेवढं वजन माणसाला स्वतःच्या अंगावरून कमी करता येतं, आणि त्याला बोनस लागत नाही.

आणि टायरचं काय? तुमच्या हायब्रिडला पस्तीस मिलिमीटरच्या आसपासचे टायर असतील. रोड बाइकला बहुधा पंचवीस-अठ्ठावीसचे येतात. पावसाळा संपल्यावर गायमुखच्या घाटात रस्त्याची काय चाळण होते ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून बघता. त्या खड्ड्यांवर मला विचाराल तर जाड टायरच हवा. फक्त हवा मोजून भरा. अंगठ्याने दाबून ‘आहे की’ म्हणणाऱ्यांपैकी तुम्ही असाल अशी मला शंका आहे. मीटरवाला उभा पंप घ्या. पस्तीसच्या टायरला मध्यम वजनाच्या माणसाने साधारण ५५ ते ६५ पीएसआय भरावी, मागे थोडी जास्त. कमाल किती ते टायरच्या कडेवर छापलेलं असतं, त्याच्या वर जाऊ नका. हवा कमी ठेवून खड्ड्यात आपटलात की ट्यूब रिमवर चिरडते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. ती दिसली की खिळा शोधत बसू नका.

पंप, दोन जादा ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या, बरे दिवे, पॅडवाली चड्डी. दोनशेसाठी एवढी खरेदी पुरे. ती नव्या सायकलच्या दहाव्या हिश्श्यातसुद्धा आटपते. दोनशे झाल्यावर तुम्हाला कळेल की काय दुखलं, तळहात बधिर झाले का, कंबर गेली का, की काहीच नाही. त्यानंतर सायकल बघायला गेलात तर दुकानदाराला नेमकं सांगता येईल. आत्ता तुम्ही फक्त रंग सांगाल.

आता गुडघा. सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला नीट टेकत असतील तर सीट खाली आहे. हा गैरसमज घरोघरी आहे, लहानपणी भाड्याची सायकल घेताना सगळे तसंच माप घ्यायचे. माप जमिनीपासून घ्यायचं नसतं, पॅडलपासून घ्यायचं. भिंतीला हात टेकून सीटवर बसा, अनवाणी किंवा सपाट चपलेत. एक पॅडल सगळ्यात खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे, पण कंबर त्या बाजूला कलता कामा नये. मग चालवताना पंजा पॅडलवर आला की गुडघ्यात आपोआप थोडा बाक राहतो. सीट एकदम वर घेऊ नका. अर्धा सेंटिमीटर वर घ्या, आठवडाभर चालवा, पुन्हा अर्धा. सीटच्या दांड्यावर आधी इन्सुलेशन टेपची खूण करून ठेवा, म्हणजे कुठून निघालो ते कळतं. पुढे दुखतंय म्हणजे बहुतेकदा सीट खाली. मागच्या बाजूने, लवणीत दुखायला लागलं तर जास्त वर गेली. सिग्नलला सीटवरून पुढे उतरून उभं राहायची सवय करावी लागेल. दोन दिवस अवघडल्यासारखं होतं, नंतर होत नाही.

जड गिअरचा हट्टही सोडा. मिनिटाला पन्नास-साठ फेऱ्या मारत रेटत राहिलात तर प्रत्येक फेरीचा भार गुडघ्याच्या वाटीवर येतो. हलका गिअर टाकून ऐंशीच्या आसपास फेऱ्या ठेवा. पाय फुकट फिरतायत असं सुरुवातीला वाटेल. वाटू द्या. पंधरा सेकंदांत उजवा पाय किती वेळा खाली गेला ते मोजा, वीस झाले की जमलं. एवढं करूनही महिनाभरात गुडघा ऐकत नसेल किंवा सूज दिसली तर हाडांच्या डॉक्टरांकडे जा. ग्रूपमधल्या जाणत्यांकडे नको.

आता घरचा प्रश्न. तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून मोकळे झालात: अकराला येतो आणि तीनपर्यंत झोपतो. वहिनींचं भांडण सायकलशी नाही हो. साडेपाचला गेलेला माणूस अकराला येतो, न्हाणीघर अडवतो, घामाची जर्सी खुर्चीच्या पाठीवर टाकतो, जेवतो आणि आडवा होतो. उठतो तेव्हा चहाची वेळ झालेली असते. रविवारात उरलं काय? सोमवारची इस्त्री.

पण ही झोप सायकलने आणलेली नाही. ती तुम्ही कॉफी आणि मिसळ यांच्यामधल्या वेळात कमावता. शरीरात साठवलेली साखर जोरात चालवलं तर दीड-दोन तास पुरते. पोट रात्रीपासून रिकामं, आत फक्त कॉफी, पुढे ग्रूपचा म्होरक्या अठ्ठावीसने ओढतोय आणि तुम्ही मागे लोंबकळताय. मिसळीपर्यंत पोचता पोचता साखरेचा बराचसा डबा संपलेला असतो. मग तेलाची तर्री, दोन जादा पाव, आणि ते पोटात घेऊन उन्हात परतीची वाट. ऑक्टोबरात साडेनऊचं ऊन काय असतं ते मी सांगायला नको. असा माणूस अकराला घरी येऊन झोपणार नाही तर काय करणार?

तेव्हा निघण्यापूर्वी एक केळं किंवा दोन ब्रेडला जॅम लावून खा. पाऊण तासानंतर दर अर्ध्या तासाने काहीतरी तोंडात टाका, भूक लागायची वाट बघू नका. लांब राइडला तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम असतात, बाकी चिक्की, खजूर, राजगिऱ्याचा लाडू यांवर भागतं. परदेशी जेलची पाकिटं घ्यायची गरज नाही, चिक्की खिशात चिकटणार नाही एवढी काळजी घ्या. पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, उकाड्यात त्याहून थोडं जास्त. दोनपैकी एका बाटलीत लिंबू, मीठ, साखर. आपल्याकडच्या दमट हवेत घामाबरोबर मीठ किती जातं ते राइडनंतर काळ्या जर्सीवर उमटलेल्या पांढऱ्या रेघांत दिसतं. आणि वेग असा ठेवा की शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल. दोन शब्दांत दम लागत असेल तर म्होरक्याला जाऊ द्या. मिसळ हवी तर घरी आल्यावर सगळ्यांबरोबर खा. ठाण्यात मिसळीची ददात नाही.

एवढं पाळलंत तर राइडनंतर तुम्हाला वीस मिनिटांची डुलकी पुरेल, चार तासांची झोप लागणार नाही. वहिनींशी बोलायचं ते त्यानंतर. झोप तीच ठेवून वाटाघाटी करायला बसलात तर मीसुद्धा त्यांच्या बाजूने बोलेन.

बोलताना परवानगी मागू नका, आणि मोठं मन करून सवलत दिल्याचा आवही आणू नका. कॅलेंडर समोर ठेवा आणि महिन्यातल्या कुठल्या रविवारी तुम्ही राइडला गेलेलं त्यांना अजिबात नकोय ते विचारा. महिन्यात एक लांब राइड, ८० पासून सुरू करून डिसेंबरच्या आत १२०पर्यंत. दोनशेच्या आधी एवढा पल्ला एकदा झालेला असला की पुरतं. बाकीच्या रविवारी साडेपाचला निघून आठला घरात. तेवढ्या वेळात येऊर होतं. बोनसबद्दल तुम्ही लिहिता की पैशांचा प्रश्न नाही, पण हे त्यांना विचारून लिहिलंय की तुमचं तुम्हीच ठरवलंय, याचा उल्लेख पत्रात नाही. आणखी एक. नाराजी काढायला म्हणून त्यांच्यासाठी टोपली लावलेली गुलाबी सायकल आणू नका. मला येणाऱ्या पत्रांत अशा सायकली भरपूर असतात, आणि बाल्कनीत त्यांच्यावर टॉवेल वाळत घातलेले असतात. त्यांना चालवायची असेल तर त्या सांगतील आणि स्वतःच्या मापाची घेतील.

रविवारचे किलोमीटर कमी झाले तर दोनशेची तयारी कशी होणार, हा तुमचा पुढचा प्रश्न असेल. तुमचं ऑफिस वागळेला आहे हो! नऊ-दहा किलोमीटर, गाडीने त्याला तुम्हाला किती वेळ लागतो तो आकडा तुम्ही पत्रात लिहिलेला नाही, मीही विचारत नाही. आठवड्यातून दोन दिवस सायकलने जा. दोन दिवसांत चाळीसेक किलोमीटर होतात, आणि ते कोणाच्या रविवारातून कापून घ्यावे लागत नाहीत. शर्ट-पँट आदल्या दिवशी ऑफिसात नेऊन ठेवा. सकाळी अर्धा तास लवकर निघून हळू चालवलंत तर घामही बेताचा येतो; पोचल्यावर दहा मिनिटं पंख्याखाली बसा, मग ओल्या पंचाने अंग पुसा, मग कपडे बदला. हा क्रम चुकला की नवा शर्ट लगेच भिजतो. वाघबीळ, पातलीपाडा, मानपाडा इथले उड्डाणपूल टाळा आणि खालून जा. पुलावर डाव्या कडेला सायकलला जागा नसते आणि मागून येणाऱ्याला चढ संपेपर्यंत तुम्ही दिसत नाही. कापूरबावडीच्या गर्दीत घुसण्यापेक्षा पोखरण रोडच्या बाजूने जाता आलं तर बघा. पहिल्यांदा रस्ता पाहायला सुट्टीच्या दिवशी जा, ऑफिसच्या वेळेला नको. संध्याकाळी परतताना मागचा लाल दिवा उजेड असला तरी लावा. मेट्रोच्या कामाचे पत्रे आणि डंपर यांच्यामध्ये माणूस किती सहज नाहीसा होतो, हे गाडी चालवणाऱ्याला विचारा.

ग्रूप सोडा असं मी म्हणत नाही. पहाटेच्या अंधारात सोबत असलेली बरी, आणि तुमच्या जाणत्यांपैकी एखादा पंक्चर काढण्यात खरोखर वाकबगार असेल, त्याच्याकडून ते शिकून घ्या. मागचं चाक काढून ट्यूब बदलणं घरी बसून निदान एकदा करा, हात काळे होऊ द्या. पण मागे राहिलेल्याला टाकून पुढे जाणारा ग्रूप दोनशेला तुमच्या कामाचा नाही. तिथे जोडी हवी ती तुमच्या वेगाच्या माणसाची. एखादा असेलच मागे, तोही गप्प बसून रोड बाइकच्या किमती बघत असेल. त्याला धरा.

आणि म्होरक्याला माझा एक निरोप द्या. घोडबंदरवर तिघांनी एका ओळीत गप्पा मारत जाणं बंद करा, गायमुखला तर एकामागे एकच. ट्रेलरवाल्याला शिव्या देणं सोपं असतं. शिवाय येऊरला पहाटे स्पीकरवर गाणी लावून जाणारे जे आहेत, ते तुमच्यातले असतील तर स्पीकर घरी ठेवा. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे. तिथे बिबटे राहतात, त्यांनी तुमची आवडनिवड विचारलेली नाही.

कुत्र्यांचं. पळत्याच्या मागे लागणं हा त्यांचा स्वभाव, म्हणून जोर मारून निसटायला जाऊ नका. चढावर तर निसटताही येत नाही आणि लाथ मारायला गेलात की तोल जाऊन तुम्हीच पडता. वेग कमी करा, उतरा, सायकल तुमच्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरा आणि चालत पुढे जा. त्याची हद्द संपली की ते थांबतं. बाटलीतल्या पाण्याचा फवारा बऱ्याचदा कामी येतो, मिठाची बाटली सोडून दुसरी वापरा. तरी चावलं किंवा नुसतं ओरखडलं तर राइड तिथेच संपवा. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, हळद-चुना काही लावू नका, आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करा. महापालिकेच्या आणि सरकारी रुग्णालयांत ती मिळते. सगळे डोस घ्या, दुसऱ्यानंतर कंटाळून सोडू नका.